डोंगरावरचा आसरा

उमराहला जायचं नक्की झालं आणि अम्मींनी एकच गोष्ट मनात धरली. मक्केत जबल-ए-नूर चढायचा आणि हिराची गुहा आपल्या डोळ्यांनी पाहायची. हा चढ उमराहच्या अरकानांत येत नाही, तो फर्ज नाही की वाजिब नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "सवाब मोजायला नाही जायचं मला," त्या म्हणाल्या. "हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडून शिदोरी घेऊन हुजूर (स.) जिथं जायचे, ती जागा एकदा बघायची आहे."

अम्मींचं वय त्रेसष्ट. बारा वर्षांपासून शुगर आणि जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "जायला हरकत नाही, पण तयारी इथून करून जा. आधी सपाटीवर चाला, मग चढावर."

सपाटी जळगावात हवी तेवढी. फजरनंतर मेहरूण तलावाच्या काठानं अम्मींचं चालणं सुरू झालं. पण चढ कुठून आणायचा? आपल्या खानदेशाला तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री. मधून तापी वाहते आणि आपली बहुतेक गावं तिच्या काळ्या मातीवर वसलेली. डोंगर रोज दिसतो, चढायचा योग मात्र येत नाही. शेवटी लळिंग ठरला. धुळ्याला आमची खाला राहते. तिथून मालेगावच्या दिशेनं आठ-दहा किलोमीटर गेलं की मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच हा किल्ला उभा आहे. पायथ्याला गाव, गावात जुनं हेमाडपंती देऊळ आणि गावामागून वर जाणारी वाट. सवयीचा माणूस तासाभरात वर पोहोचतो. आम्ही म्हटलं, हळूहळू गेलो तर दोन तास लागतील. त्यात काय एवढं!

आणखी एक गोष्ट आम्हाला नकाशात सापडली होती आणि तिचा मोठा आनंद झाला होता. मक्का साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जळगाव एकवीस अंशावर. म्हणजे आपण मक्केच्या जवळजवळ सरळ पूर्वेला राहतो. आपला सूर्य तोच, आपलं ऊनही त्याच जातीचं. अम्मी म्हणाल्या, "मग लळिंग चढले की जबल-ए-नूर चढलेच!" त्या उन्हाचा अर्थ तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नाही.

फेब्रुवारी संपत आला होता, शाबानचा महिना. खालाच्या घरून सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. चहा, गप्पा, मुलांचे बूट, असं करता करता पायथ्याशी पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. आम्ही दोघं, अम्मी, खाला आणि दोन मुलं, अशी सहा माणसं. जवळ पाणी तीन लिटर. खाला म्हणालीही, "एवढ्यानं भागेल का?" आम्ही मोठ्या विश्वासानं सांगितलं, "किल्ल्यावर टाकी असतात. कातळात खोदलेली. पाण्याची चिंता नाही."

चढताना मुलांना इतिहास सांगत होतो. खानदेशात फारुकी घराण्यानं दोनशेहून अधिक वर्षं राज्य केलं. फिरोजशाह तुघलकानं मलिक राजाला १३७० मध्ये थाळनेरची जहागीर दिली, तिथून या राज्याची सुरुवात झाली. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याआधी त्यानं थाळनेर धाकट्या मुलाला आणि हा लळिंग थोरल्याला, म्हणजे नसीर खानाला दिला. नसीर खानानं पुढे बुऱ्हाणपूर वसवलं आणि सुफी बुजुर्ग बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्या शहराला दिलं. "म्हणजे आपण राजाच्या किल्ल्यावर चाललोय!" धाकटा म्हणाला. आम्हीही छाती थोडी फुगवलीच.

गोष्टीच्या नादात वाट चुकली. डोंगरावर दोन प्रकारच्या वाटा असतात. एक माणसांची, दुसरी गुराढोरांची. ढोरवाट दिसायला चांगली मळलेली असते, पण ती वर नेत नाही. चाऱ्यामागे डोंगराच्या अंगानं आडवी फिरत राहते. माणसांच्या जुन्या वाटेला मधूनमधून रचलेले किंवा कोरलेले दगड लागतात, पायांनी गुळगुळीत झालेले. हे आज कळतं. त्या दिवशी आम्ही पाऊण तास ढोरवाटेनं चाललो, घसाऱ्यावरून पुन्हा मागे आलो आणि खरी वाट सापडली तोवर तीन लिटरमधलं दोन लिटर पाणी संपलं होतं.

साडेदहाच्या सुमाराला कातळात कोरलेल्या टाक्यांपाशी आलो. पाणी होतं, पण हिरवं. वर वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या तरंगत होत्या. थोरलीनं ओंजळ पुढे केली आणि मागे घेतली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडातून शब्द निघेना. या कचऱ्याबद्दल कुणाला नावं ठेवायची? दोन वर्षांपूर्वी पाटणादेवीच्या रानात सहल झाली, तेव्हा निघताना आमच्याही दोन बाटल्या तिथंच झाडाखाली राहिल्या होत्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात अम्मी खाली बसल्या. सारं अंग घामानं भिजलेलं, पण हात गार. बोटं थरथरत होती. खालानं काही विचारलं तर उत्तर भलतंच आलं. तेव्हा आम्हाला आठवलं, सकाळी अम्मींनी शुगरची गोळी घेतली होती आणि नाश्ता "वर गेल्यावर करू" म्हणून डब्यातच राहिला होता. तो डबा तर गाडीतच होता. शुगर एकदम खाली गेली होती. अशा वेळी माणूस शुद्धीवर आहे तोवर काहीतरी गोड पोटात जायला हवं, हे आम्हाला माहीत होतं. पण सहा माणसांच्या खिशात मिळून साखरेचा एक दाणा नव्हता.

थोरली रडू लागली. आमच्यापैकी एक जण गाडीकडे पळाला. पण जायला आणि यायला तास गेला असता. वर सूर्य, खाली तापलेला कातळ आणि सावली कुठेच नाही.

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आधी ऐकू आल्या, मग माणूस दिसला. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, वय सत्तरीच्या पुढचं. त्यानं अम्मींकडे एकदाच पाहिलं आणि विचारपूस काही केली नाही. "उन्हात नका बसाडू," एवढं म्हणून वीस-पंचवीस पावलांवरच्या एका कपारीकडे बोट केलं. त्या वाटेनं आम्ही दोनदा गेलो होतो, पण ती कपार आम्हाला दिसली नव्हती. आत चार माणसं बसतील एवढी जागा होती, जमीन झाडलेली, कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन. "आठे बठा माय," तो अम्मींना म्हणाला. "पह्यले पानी, मंग बोलनं." मग कमरेची पुरचुंडी सोडून त्यानं गुळाचा खडा काढला.

गुळाचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी अम्मींनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मुलांना पाणी दिलं का?" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला. अल्हम्दुलिल्लाह.

म्हाताऱ्याकडे त्याच्या दिवसभरापुरतं पाणी होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त आम्ही प्यायलो. त्यानं भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा काढला आणि मुलांपुढे ठेवला. आम्ही पैसे पुढे केले तर त्याला राग आला नाही, हसूच आलं. "पानीना पैसा कोन लेस?" असं म्हणून तो उठला आणि मेंढ्यांमागे निघून गेला. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

त्या रात्री खालाच्या घरी कुणाला झोप येत नव्हती. अम्मींनी मुलांना जवळ घेतलं आणि गार-ए-सौरची हकीकत सांगितली. हिजरतीच्या वेळी हुजूर (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) तीन रात्री त्या गुहेत राहिले. हजरत अस्मा (रजि.) त्यांच्यासाठी शिदोरी बांधायच्या. कमरेचा पट्टा फाडून त्याचे दोन भाग केले आणि त्यानं शिदोरी बांधली, म्हणून त्यांना जातुन्निताकैन म्हणतात. "आणि दूध कोण आणायचं माहीत आहे?" अम्मींनी विचारलं. "आमिर बिन फुहैरा. मेंढपाळ होते. रात्री मेंढ्या गुहेपर्यंत न्यायचे, दूध द्यायचे आणि परत फिरताना मेंढ्यांच्या खुरांनी वाटेवरची पावलं पुसून टाकायचे." ही हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातल्या मेंढपाळाकडे मात्र आमचं लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

आणि मग आम्हाला सकाळची अर्धी सोडलेली गोष्ट पूर्ण करावी लागली. कारण धाकट्यानं विचारलं, "तो नसीर खान राजा पुढे काय झाला?" नसीर खानाला असीरगड हवा होता. तो गड आसा अहिराच्या ताब्यात होता. फिरिश्ता या इतिहासकारानं लिहिलंय ते असं. नसीर खानानं आसाला निरोप पाठवला, शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत, माझ्या घरच्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसानं मोठ्या मनानं होकार दिला. पहिल्या दिवशी काही डोल्यांतून बायका वर गेल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या गेल्या आणि त्यांत हत्यारबंद शिपाई होते. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांच्या स्वागताला आला आणि तिथंच मारला गेला. असा फारुकींना असीरगड मिळाला. पुढे १६०१ च्या जानेवारीत तोच गड अकबर बादशहानं त्यांच्याकडून घेतला आणि त्यांचं राज्य संपलं.

खोलीत शांतता पसरली. थोरली म्हणाली, "म्हणजे आसरा मागून दगा दिला?" आम्ही हो म्हणालो. "मग सकाळी हे का नाही सांगितलं?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. राजा आपल्या नावाचा असला की त्याची निम्मीच गोष्ट सांगायची सवय आपल्याला लागलेली असते. पण अमानत ती अमानत. आसा अहिरानं दिलेला आसरा ही नसीर खानाकडची अमानत होती आणि त्यानं त्यात खयानत केली. बुऱ्हाणपूर त्यानं एका बुजुर्गाच्या नावानं वसवलं, हेही खरं. मुलांना दोन्ही सांगायला हवं.

त्यानंतर काही महिने आमच्या घरात डोंगर आणि आसरा याच विषयाचं वाचन चाललं. कातळात टाकं खोदणाऱ्यांनी किती विचार केला होता, ते कळलं. पावसाचं पाणी उतारावरून आपोआप आत येईल अशी जागा ते निवडत. आपल्याकडचा काळा कातळ पाणी सहसा झिरपू देत नाही. टाकं आतून खोल आणि झाकलेलं असलं तर उन्हानं पाणी आटत नाही आणि गार राहतं. खोदताना निघालेला दगड तटबंदीला कामी येई. एकदा नीट खोदलेलं टाकं शेकडो वर्षं पाणी देतं. फक्त ते साफ ठेवावं लागतं.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आम्ही मुलांना मुद्दाम दाखवला. १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्याच्या उतारात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरापर्यंत आणलंय आणि वर शंभराहून अधिक गोल कुंड्या आहेत. दूरच्या देशांतही हेच दिसतं. किर्गिझस्तानात सुमारे ३२०० मीटर उंचीवर ताश रबात नावाची दगडी सराय आहे, पंधराव्या शतकातली. बर्फाळ खिंडीकडे निघालेल्या काफिल्यांना तिथं रात्रीचा निवारा मिळे. युरोपच्या आल्प्स पर्वतात ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत ख्रिस्ती साधूंनी अकराव्या शतकात वाटसरूंसाठी घर बांधलं, ते आजही चालू आहे. त्याच पर्वतातल्या अनेक झोपड्यांची एक खोली हिवाळ्यात, राखणदार नसतानाही, उघडी ठेवतात. वादळात सापडलेल्यानं यावं, थांबावं आणि जाताना पुढच्यासाठी खोली नीट ठेवावी. दार लावणारा आणि दार उघडणारा यांची भेट कधी होत नाही.

आपल्या लळिंगच्या कुरणातही असं एक घर आहे. लांडोर बंगला त्याचं नाव. १९३७ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा ते या बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक त्या आठवणीसाठी तिथं जमतात. ज्या माणसाला या देशात कितीतरी ठिकाणी पाणी आणि जागा नाकारली गेली, त्याला जिथं विसावा मिळाला ते घर लोक विसरलेले नाहीत. आम्ही मात्र महामार्गावरून शंभरदा गेलो असू, ते घर कधी पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरला. डॉक्टरांनी अम्मींच्या गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. नोव्हेंबरमध्ये पुन्हा लळिंगला निघालो. या वेळी फजरची नमाज पढून, पोटभर नाश्ता करून, उजाडताना पायथ्याशी. माणशी दोन लिटर पाणी, वर एक कॅन जास्तीचा. प्रत्येकाच्या खिशात खजूर आणि गुळाचा खडा. गावातल्या एका पोराला वाट विचारून घेतली. खालानं दोन रिकामी पोती आणली होती. दहा वाजता जिथं असू तिथून परत फिरायचं, हे आधीच ठरलं होतं. वर पोहोचलो नाही तरी चालेल, पण उन्हाच्या आत खाली यायचं.

अम्मी दर वीस मिनिटांनी बसत होत्या. बुरख्याचा घोळ पायांत येऊ नये म्हणून खालानं त्यांना तो वर खोचून दिला होता. वाटेत धाकट्यानं विचारलं, वुजू तुटली तर काय करायचं? अम्मींनी समजावलं, पाणी पिण्यापुरतंच असेल आणि तहानेची भीती असेल तर तयम्मुमची सवलत आहे. दीनमध्ये आधी जीव जपायला सांगितलाय. साडेनऊला आम्ही वर होतो. ललिता देवीच्या मंदिराच्या पलीकडे तटाजवळ सपाट जागा पाहिली, तोंड पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे केलं आणि चाश्तची नफिल पढलो. खाली महामार्गावरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसत होते.

उतरताना टाक्यांमधला आणि भोवतीचा कचरा काठीनं ओढून पोत्यांत भरला. दोन्ही पोती भरली तरी थोडा उरला. त्या कपारीपाशी थांबलो. आत कुणी नव्हतं. चूल तशीच होती. जास्तीचा कॅन आम्ही कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि शेजारी गुळाची पुडी.

जानेवारीत अम्मी उमराह करून आल्या. घरात आल्या आल्या मुलांनी विचारलं, "दादी, हिरा पाहिली?" अम्मी म्हणाल्या, "अर्ध्यापर्यंत गेले होते. तिथं एक बाई पायरीवर बसली होती, कुठल्या देशाची ते कळलं नाही, भाषाही कळेना. घाम फुटलेला, हात थरथरत होते. मला लगेच कळलं. खिशात खजूर होतेच. ती नीट होईपर्यंत बसले तिच्याजवळ. मग ऊन चढलं, खाली आले." आम्हाला वाईट वाटलं. इतक्या दूर जाऊन राहिलं ते राहिलंच. अम्मींना तसं वाटत असेल तर त्यांनी दाखवलं नाही. सफा आणि मरवाही डोंगरच आहेत, एवढंच त्या म्हणाल्या, आणि बीबी हाजरा (अ.) तिथं पाण्यासाठीच तर धावल्या.

त्यांनी आणलेल्या जमजम आणि खजुरांतला एक वाटा त्या म्हाताऱ्यासाठी वेगळा काढला होता. तो घेऊन आम्ही लळिंगला गेलो. तो भेटला नाही. मेंढरं घेऊन त्याचा वाडा दुसरीकडे गेला होता, केव्हा परतेल ते गावात कुणाला सांगता येईना. कुरणात दुसराच एक पोरगा मेंढ्या राखत होता. अम्मींनी तो वाटा त्याच्या हातात ठेवला. कपारीतला आमचा कॅन रिकामा झाला होता आणि गूळही संपला होता. कुणाच्या तरी उपयोगी पडला होता. आम्ही कॅन पुन्हा भरून ठेवला.

ज्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन डोंगरावर जायचं असेल त्यांनी जरूर जावं. थंडीत जावं, लवकर निघावं, वाट विचारून घ्यावी, परतायची वेळ ठरवून जावं, शुगरच्या माणसाला उपाशी चढू देऊ नये. आणि पाणी आपल्या गरजेपेक्षा थोडं जास्त घ्यावं. वाटेत कोण भेटेल, सांगता येत नाही.